बिब्ब्याची खूण

त्या रात्री आमच्याकडं पाऊस नव्हताच.
पंचनाम्यातही मी हेच सांगितलं.
लिहिणाऱ्यानं मान वर करून बघितलं
आणि लिहिलं, 'मुसळधार'.

नव्हता हो.
पद्मावतीवर चांदण्या होत्या, दोन-चार, मळकट.
तिकडं कात्रजच्या घाटावर तेवढी
वीज लवत होती, आवाजाशिवाय,
बंद खोलीत कुणी ट्यूबलाइट लावतंय
आणि ती धड पेटत नाही, तशी.
मी इस्त्रीतले निखारे विझवले,
गठ्ठे मोजले, एकोणीस,
फळीवर चढवले.
ओढ्यात घोटाभरही पाणी नव्हतं.
थर्माकोल, नारळ, कुणाची तरी गादी
आणि नेहमीचा वास.

आधी तो वास गेला.
जाग आली ती त्यानंच.
उपटलेल्या मुळांचा वास येत होता,
आमच्या ओढ्याला कधीच नसतो असा.
मग आवाज,
डंपरमधून खडी ओतावी
आणि ती संपूच नये.
मग भिंत.
सोसायटीची भिंत पडली म्हणतात सगळे.
मी पाहिली, ती चालत आली.

पोरीला माळ्यावर ढकलत होते तेव्हा
समोरच्या जिन्यात हेजीब दिसले,
हातात किल्ली.
ओरडले, साहेब, वर जा!
ते म्हणाले, दोनच मिनिटं,
गाडी चढावर लावून येतो.
अजून फरशी दिसत होती त्यांच्या पायाखालची,
नक्षीसकट.
दोन मिनिटं त्यांनी मागितली होती.
पाण्यानं एकही दिलं नाही.
मीटरच्या पेट्या बुडाल्या,
गाड्यांचे दिवे पाण्याखाली लागले आपोआप,
हॉर्न वाजत राहिले,
आणि मग तेही गप्प.

तिसऱ्या दिवशी हवालदार आला,
पिशवीत एक शर्ट घेऊन.
ओढा नदीला मिळतो तिथं, म्हणाला,
झुडपात.
चेहऱ्यावरून काही कळत नाही.
कॉलर उलटली त्यानं.
एक उभी रेघ, दोन टिंबं.
बाई, ही तुमची खूण का?

ही सासऱ्यांची खूण.
ते घाटावर धुवायचे तेव्हापासूनची,
बिब्बा सुईनं टोचून काढलेली.
आता नुसती इस्त्रीच करतो, खूण लागत नाही,
तरी हात सवयीनं टोचतो.
हेजीब त्यावरून एकदा भांडायलाही आले होते,
मार्चमध्ये.
नवा शर्ट, ताई, आणि हा काळा डाग?
कागदाची चिठ्ठी टाचा ना!
मी म्हटलं, चिठ्ठी पाण्यात जाते, साहेब.
तेव्हा हसले होते.

हवालदाराला म्हटलं, सी विंग, बारा.
एवढंच.
शर्टाच्या बाहीवर
माझी घडी अजून दिसत होती.

एकोणीस गठ्ठ्यांतले सात राहिले.
चिखल धुतला, परत इस्त्री केली, पोचवले.
एकात त्यांची पँट आहे, राखाडी.
वहिनी न्यायला आल्या नाहीत,
मीही गेले नाही.
वहीत त्यांच्या नावापुढं अठ्ठावीस रुपये येणे आहेत,
ते खोडायचे कसे, कळत नाही.

महापालिकेनं नवी भिंत बांधली,
जुनीपेक्षा उंच.
पोरं तिच्यावर बसून वडापाव खातात.
तिच्या अलीकडं मी विटेनं रेघ ओढली आहे,
पाणी आलं होतं तिथवर.
दर पावसाळ्यात पुसते, दर वर्षी ओढते.

आणि घाटावर मुकी वीज लवली
की दुकान उघडं टाकून निघते,
चांदण्या असल्या तरी.
ए विंग, बी विंग, सी विंग,
पार्किंगच्या जाळीवर इस्त्रीचा कुलपाएवढा खिळा आपटत.
लोक खिडकीतून डोकावतात.
अहो बाई, पाऊस कुठाय?

तिकडं, म्हणते.
तिकडं पडलाय.
किल्ल्या वरच ठेवा.